पारंबीपूरचा समग्र इतिहास आणि शेवंताबाईंचे काटे

एका जंगलात, बाळांनो, एक वड इतका पसरला होता की त्याचं मूळ खोड कोणतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. पारंबी वरून लोंबत यायची, मातीत पाय रोवायची, चार पावसाळ्यांत जाडजूड खोड व्हायची आणि नव्याने लोंबणाऱ्या पारंब्यांना विचारायची, "कोण तुम्ही? आम्ही इथले जुने."

लांबलांबचे प्राणी तिथं पोट भरायला येत. दोन दिवस राहतो आणि जातो, असं म्हणून आलेल्यांची नातवंडं तिथंच म्हातारी होत. जागा कुणालाच पुरत नव्हती आणि जागा कुणी सोडतही नव्हतं. सकाळी सगळे एकमेकांच्या शेपट्या तुडवत कामाला जात, संध्याकाळी तशाच तुडवत परत येत आणि वर म्हणत, असं ठिकाण दुसरं नाही. एवढ्यावरून तुम्ही ओळखलं असेलच की ते शहर होतं. त्याचं नाव पारंबीपूर.

त्या शहरात एकदा इतिहासाची साथ आली. त्याआधी तिथं सुखी कसं व्हावं याची पुस्तकं खपत. ती वाचून कुणी सुखी झालं नाही. तेव्हा लोकांना वाटलं, आपण पूर्वी सुखी असणार. बघू तरी नक्की कधी ते. झालं. 'असं होतं आपलं पारंबीपूर', 'पारंबीपूर काल आणि परवा', 'पारंबीपूरच्या हरवलेल्या फांद्या' अशी पुस्तकं धडाधड निघाली. ढोलीढोलीत एखादी तरी प्रत दिसू लागली. भिंतीला टेकून ठेवली की मागचं भोक झाकलं जाई, हाही एक फायदा होता.

आता तिथला वाचक कसा वाचायचा ते ऐका, आणि तुम्ही तसं करू नका. तो पुस्तक पुढून उघडत नसे, मागून उघडे. मागे नामसूची असते ना, कोणाचा उल्लेख कोणत्या पानावर ते सांगणारी, तिथं आधी तो आपल्या आजोबांना शोधे. आजोबा सापडले की पुस्तक अभ्यासपूर्ण. नाही सापडले की एकांगी. मधली पानं कशाला असतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

अभिप्राय द्यायचीही तिथं एक रीत होती. वडाचं एक पान तोडायचं, त्यावर आपलं मत खरडायचं आणि ते लेखकाच्या अंगाला लावायचं. पुस्तक आवडलं असेल तर पानावर काजवे चिकटवायचे. पाच काजवे म्हणजे उत्तम, एक म्हणजे भिकार. बाकीच्या लेखकांच्या अंगाला पान काही टिकत नसे, डिंक लावावा लागे. शेवंताबाईंच्या बाबतीत तो त्रास नव्हता. पान सरळ टोचता येई. शेवंताबाई सायाळ होत्या.

वडाच्या पूर्वेच्या मुळाखाली त्यांचं बीळ होतं. त्या स्वतःच्याच काट्याने लिहीत. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा, की झाली लेखणी. थोडी पानं लिहून झाली की टोक बोथट होई. मग दुसरा काटा. अशी लेखणी बाजारात मिळत नाही, कारण ती मिळवताना दुखतं.

काटा सायाळीचा जीव राखतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नसेल तर ओढ्यापलीकडच्या टेकाडावर एक बिबट्या राहायचा, त्याला विचारा. त्याच्या लेखी काट्यांची सायाळ म्हणजे शेजारीण आणि बिनकाट्यांची सायाळ म्हणजे जेवण. मधला प्रकार त्याला माहीत नव्हता.

तर शेवंताबाईंनी पारंबीपूरचा इतिहास लिहायला घेतला. खपाच्या पुस्तकांचा त्यांना राग होता. त्या मुळांशी उकरत, सालीवरचे ओरखडे वाचत, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांशी तासन्‌तास बोलत. त्यांचं शहरावर प्रेम होतं आणि प्रेमाच्या माणसाबद्दल खरं ते बोलावं असा त्यांचा भाबडा समज होता. त्यांच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य असं होतं: "पारंबीपूरची स्थापना एका पक्ष्याने शौचाच्या वेळी केली."

हसू नका. वड असेच उगवतात. कुठला तरी पक्षी कुठलं तरी फळ खाऊन एका शिंदीच्या झाडावर बसला, हलका झाला आणि निघून गेला. बी रुजलं. पुढे त्या बीने शिंदीचा गळा आवळला आणि शहर झालं. पक्षी कोणता, ते बाईंना कळलं नव्हतं. तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि खाली टीप दिली होती की त्याचं पोट बहुधा बिघडलेलं असावं.

पुस्तक छापलं कोल्होबाने. कोल्होबा प्रकाशक होता. त्याचा छापखाना वाळवीचा होता. एक हस्तलिखित दिलं की वाळवी त्याबरहुकूम पानांवर अक्षरं कुरतडून हव्या तेवढ्या प्रती काढी. पहिली आवृत्ती बाहेर आली तेव्हा बाईंच्या डाव्या कुशीवरचे काटे संपले होते. पण बाई आनंदात होत्या. त्यांनी अंग झाडलं, उरलेले काटे नीट उभे केले आणि अभिप्रायांसाठी पारावर जाऊन बसल्या.

अभिप्राय आले. आता यातली मेख अशी की स्वतःच्या पाठीवरचं स्वतःला वाचता येत नाही. म्हणून ते कोल्होबा वाचून दाखवी.

"हा माकडांच्या आबांचा," तो म्हणाला. "'नामसूचीत आमचे पणजोबा सापडले, आनंद झाला. त्या पानावर गेलो. तिथं ते पहाऱ्यावर झोपलेले होते. नाव आहे, पण झोपेत आहे. निषेध.' काजवा नाही."

"ते खरंच झोपले होते," शेवंताबाई म्हणाल्या. "त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या नातीने सांगितलंय."

"बाई, खरं असणं वेगळं आणि छापणं वेगळं. हा सशाचा. 'पुस्तक उत्तम आहे. कासवाने घरी पोचवायला उशीर केला. एक काजवा.'"

"त्यात माझं काय चुकलं?"

"हा वाघूळ मास्तरांचा. 'पुस्तक उलटं छापलं आहे, तरी निष्ठेने संपूर्ण वाचलं. सुरुवातीला भलं मोठं शहर असतं, ते हळूहळू लहान होत जातं आणि शेवटी एका पक्ष्याच्या पोटात जातं. अस्वस्थ करणारा शेवट. चार काजवे.'"

"ते लटकून वाचतात," शेवंताबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"चार आहेत, घ्या पदरात. हा घुशीचा. 'खालच्या वस्तीला एकच प्रकरण? आम्ही पोखरलं म्हणून शहर हवेशीर राहिलं.' आणि हे गठ्ठ्याने आलेत, सगळ्या पक्ष्यांचे. कावळे म्हणतात तो पक्षी आमच्यातला नव्हता. पोपट म्हणतात आमच्यातला नव्हता. साळुंक्या म्हणतात, आमच्यात असल्या गोष्टी कुणी करतच नाही."

शेवंताबाईंना फार लागलं. जन्मभर दुसऱ्याला टोचायचं भय वाटावं अशा अंगाने वावरल्या, त्यामुळे टोचून घ्यायची सवय नव्हती. त्या बिळाकडे निघाल्या तेव्हा पाठीवरची पानं वाजत होती आणि पाच काजवे कसेबसे मिणमिणत होते.

तेवढ्यात कोल्होबाला एक पान राहिलेलं दिसलं. ते ओढ्यापलीकडून कुणी तरी पाठवलं होतं. त्यावर पाचच्या पाच काजवे होते आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "अप्रतिम. समाधान झालं नाही, अजून लिहा. आपला एक चाहता."

"बघा," कोल्होबा म्हणाला. "रसिक अजून आहेत. सुधारित आवृत्ती काढू."

"जुन्याच हस्तलिखितात चार ओळी बदलून चालणार नाही का?"

"खाडाखोड केली की वाळवी गोंधळते. सगळं पुन्हा लिहा. तुम्हाला काय, लेखण्या अंगावरच आहेत."

बाई बिळात गेल्या आणि उजव्या कुशीचे काटे उपटू लागल्या.

दुसऱ्या आवृत्तीत आबांचे पणजोबा पहाऱ्यावर ध्यानस्थ बसले. घुशीला तीन प्रकरणं मिळाली. पहिलं वाक्य शेवंताबाईंनी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, "एका थोर पक्ष्याने या भूमीला बीजदान केले." लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली. मग सगळ्या काजव्यांची आठवण झाली आणि लाज थोडी कमी झाली.

आवृत्ती बाहेर पडली आणि पारंबीपुरात दंगल व्हायची तेवढी बाकी राहिली. पक्षी थोर होता म्हटल्यावर तो प्रत्येकाचाच निघाला. कावळे म्हणाले, आमचाच. पोपटांनी त्याचं चित्र काढलं, ते हिरवं होतं. साळुंक्या म्हणाल्या, असल्या गोष्टी पहिल्यापासून आम्हीच करत आलो.

"आता काय करू?" शेवंताबाईंनी विचारलं.

"सोपं आहे," कोल्होबा म्हणाला. "सगळ्यांनी मिळून केलं असं लिहा."

"सगळ्या पक्ष्यांनी? एकाच शिंदीवर? एकाच वेळी?"

"एकजूट दिसते त्यात. वाचकांना एकजूट आवडते."

आणि खरंच आवडली. तिसऱ्या आवृत्तीतलं ते दृश्य वाचून पारावर म्हातारे रडले. मुलांनी त्याचं नाटक बसवलं, पण त्याचं वर्णन मी करणार नाही.

अभिप्राय काही थांबेनात. एका उपवर खारीच्या बापाने लिहिलं, की पृष्ठ अमुकवर आमची फांदी वाळकी म्हटली आहे, त्यामुळे मुलीचं जमत नाही. आणि मग बऱ्याच जणांनी मिळून एक मोठं थोरलं पान पाठवलं. ते सातव्या प्रकरणाबद्दल होतं.

सातवं प्रकरण शेवंताबाईंचं लाडकं होतं. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात टेकाडावरचा तेव्हाचा बिबट्या शहरात शिरला होता आणि त्याने दक्षिणेची निम्मी वस्ती खाऊन टाकली होती. कोण कोण गेलं, कुणी कुणाला वाचवलं, दुसऱ्या दिवशी वाचलेल्यांनी रिकाम्या ढोल्यांसमोर काय केलं, हे सगळं बाईंनी त्यात लिहिलं होतं. लिहिताना त्या रडल्या होत्या. शहर म्हणजे काय असतं, हे आपल्याला ते प्रकरण लिहिताना कळलं असं त्यांना वाटे.

"लोक म्हणतात ते काढा," कोल्होबा म्हणाला. "दक्षिणेच्या ढोल्यांचे भाव पडतात."

"पण ती माणसं मेली, कोल्होबा."

"म्हणून तर. मेलेले पुस्तकं विकत घेत नाहीत."

शेवंताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. चौथ्या आवृत्तीत सातव्या प्रकरणाऐवजी एक ओळ आली: "त्या वर्षी शहरातली गर्दी थोडी कमी झाली."

ओढ्यापलीकडचा चाहता मात्र प्रत्येक आवृत्तीला पाच काजवे पाठवत होता. मजकूर तोच. पहिलं पान कावळ्याने आणून दिलं होतं. दुसरं ओढ्याच्या अलीकडच्या काठावर दगडाखाली ठेवलेलं सापडलं. पुढचं बिळाच्या तोंडाशी होतं. शेवंताबाईंना फार बरं वाटे. एक तरी समजूतदार वाचक आहे म्हणायचा, एकदा भेटायला हवं.

चाहता कोण ते कोल्होबाला माहीत होतं. पण तो बोलला नाही. चाहत्याने त्याला जेवणातलं उरलंसुरलं द्यायचं कबूल केलं होतं.

शेजारी खवल्या मांजर राहायची. तिला सगळे खवल्याकाकू म्हणत. ती एके सकाळी मुंग्या खायला निघाली होती, ती शेवंताबाईंना बघून थांबली.

"शेवंता, हे काय गं? पाठ दिसायला लागली तुझी."

"शेवटची आवृत्ती, काकू. एकदा सगळे समाधानी झाले की बास."

"आणि सगळे झाले तोवर तू उरशील का? टेकाडावरचा मेला आजकाल ओढ्याच्या अलीकडे फिरतो. मी माझा एक खवला कुणाला दिला नाही आजवर."

"तुम्ही काही लिहीत नाही, काकू."

"म्हणून तर गोल वळून निवांत झोपते," खवल्याकाकू म्हणाली आणि निघून गेली. तिला पुस्तकातलं काही कळत नव्हतं, असं शेवंताबाईंनी स्वतःला समजावलं.

आता गंमत ऐका. आवृत्तीगणिक इतिहास कमी होत होता आणि नामसूची वाढत होती. ज्याचे आजोबा आले त्याच्या चुलत्यांचे आजोबा पुढच्या आवृत्तीत यायला बघत. शेवटी नामसूची इतकी जाडजूड झाली की पुढचा इतिहास तिला प्रस्तावनेसारखा दिसू लागला.

कोल्होबाने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "मला एक सुचतंय. इतिहास काढूनच टाकू."

"म्हणजे काय राहील?"

"जे वाचतात ते. नुसती नामसूची. प्रत्येक नावापुढे लिहायचं, 'यांचे योगदान मोठे.' समग्र आवृत्ती."

शेवंताबाईंनी पाठीवर पंजा फिरवला. त्यांच्या अंगावर तेव्हा फक्त शेपटीचे काटे शिल्लक होते, ते पोकळ, खुळखुळणारे. सायाळ संकटात ते वाजवते. बाईंनी ते वाजवले नाहीत. एकेक करून उपटले आणि त्यांनी समग्र आवृत्ती लिहिली.

असं यश पारंबीपुरात कुणी पाहिलं नव्हतं. घरटी दोन प्रती गेल्या, एक वाचायला आणि एक पाहुण्यांना दाखवायला. बेडूक आपलं नाव मोठ्याने वाचत सगळ्या डबक्यांवरून फिरला. आबा म्हणाले, इतका निःपक्षपाती इतिहास झाला नाही. वाघूळ मास्तरांनी पाच काजवे दिले, कारण हे पुस्तक उलटं वाचलं तरी फरक पडत नव्हता. ससा खूश झाला. त्याने या वेळी प्रत स्वतः नेली होती.

पारावर सत्कार ठरला. सगळं शहर पानं आणि काजवे घेऊन लोटलं. शेवंताबाई मधोमध बसल्या. आबांनी पहिलं पान हातात घेतलं, मोठ्याने वाचलं आणि बाईंच्या पाठीला लावलं. ते घसरून खाली पडलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. दुसऱ्याचं पडलं, तिसऱ्याचं पडलं. अभिप्राय टोचायला काटाच नव्हता, आणि बाईंसाठी डिंक आणायची कुणाला सवय नव्हती.

आधी कुजबुज झाली. मग आबा म्हणाले, "बाई आमचे अभिप्राय झटकून टाकतात."

"यश डोक्यात गेलंय," घूस म्हणाली.

"पहिल्या आवृत्तीच्या वेळी अशा नव्हत्या," कुणी तरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. पहिली आवृत्ती किती चांगली होती, असं बोलत लोक पांगले. काजवेही उडून गेले. त्यांना तरी काय, बसायला आधार लागतो.

दिवस मावळत होता. शेवंताबाई एकट्याच उरल्या. उघड्या पाठीला वारं लागलं तसं त्यांना एकदम भरून आलं. सगळ्यांना हवं ते दिलं, आणि जवळ कुणी नाही.

"नमस्कार," मागून कुणी तरी अदबीने म्हणालं. "मी आपला चाहता."

बाई केवढ्या आशेने वळल्या. समोर बिबट्या उभा होता. थोडं मागे कोल्होबा होता. त्याच्या हातात उरलंसुरलं न्यायला पळसाचा द्रोण होता.

"तुम्ही?" शेवंताबाई म्हणाल्या.

"मीच. पहिल्या आवृत्तीपासून आहे." बिबट्याने त्यांच्याभोवती एक सावकाश फेरी मारली. "काय लिहिलंय तुम्ही. एक काटा शिल्लक ठेवला नाहीत. याला म्हणतात झोकून देणं."

शेवंताबाईंना सगळं समजलं. पळायला जागा नव्हती आणि पळून उपयोगही नव्हता. तरी बाळांनो, लेखक तो लेखक. मरणाच्या दारातही त्यांच्या तोंडून हेच निघालं: "पुस्तक कसं वाटलं?"

"पुस्तक?" बिबट्या जरा ओशाळला. "ते वाचायचं राहिलंय. मला पुस्तकापेक्षा लेखिकेत रस."

"एकही आवृत्ती वाचली नाहीत?"

"सवड झाली नाही."

आता मात्र शेवंताबाईंना भीतीपेक्षा राग आला. मरायचं ते मरायचं, पण ज्या एका वाचकाच्या जिवावर इतकं सोसलं त्यानेही पान उलटू नये? त्यांनी शेजारची प्रत उचलली आणि बिबट्याच्या नाकासमोर धरली. "आधी बघा तरी. मग काय करायचं ते करा."

कोल्होबा चुळबुळला. "कशाला उगाच, जेवण आधी..."

"बघतो की," बिबट्या म्हणाला. तो झाला तरी पारंबीपूरच्या आसपासचाच. त्याने पुस्तक मागून उघडलं आणि ब या अक्षरावर नखं फिरवली. बगळा, बदक, बुलबुल, बेडूक.

त्याने पुन्हा पाहिलं. पान उलटलं, परत आणलं. "यात बेडूक आहे," तो म्हणाला.

"आहे."

"बेडकाचं काय म्हटलंय?"

"योगदान मोठे."

"आणि आमचे आजोबा?" बिबट्याचा आवाज बदलला. "बाई, त्या पावसाळ्यात आमच्या आजोबांनी दक्षिण बाजू निम्मी रिकामी केली होती. एकट्याने. आजी अजून सांगते. बेडकाचं नाव इतिहासात, आणि त्यांचं नाही?"

"होतं," शेवंताबाई म्हणाल्या. "सातवं प्रकरण अख्खं त्यांचं होतं. वाचकांनी काढायला लावलं."

बिबट्या मटकन खाली बसला. "पहिल्या आवृत्तीत होतं? मग मी ती वाचली का नाही?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा लिहा ते. आत्ताच्या आत्ता लिहा."

"कशाने लिहू?" शेवंताबाईंनी पाठ वळवून दाखवली. "लेखणी नाही."

"दुसऱ्या सायाळीचा आणतो काटा."

"दुसऱ्याच्या काट्याने माझं अक्षर येत नाही. माझे उगवायला हवेत. खाऊनपिऊन सुखरूप राहिले, तर उगवतील."

बिबट्याने विचार केला. इकडे जेवण, तिकडे आजोबा. जेवण काय, उद्याही मिळतं. "सुखरूप राहाल," तो गंभीरपणे म्हणाला. मग त्याने कोल्होबाकडे पाहिलं. कोल्होबाने द्रोण टाकला आणि तो जो पळाला तो शेजारच्या जंगलात जाऊन थांबला. तिथं तो आता पाकक्रियांची पुस्तकं छापतो.

तेव्हापासून बिबट्या शेवंताबाईंच्या बिळाच्या तोंडाशी बसू लागला. तो त्यांना कंदमुळं आणून देई. खवल्याकाकूला त्याने दोनदा नमस्कार केला. ती दोन्ही वेळा गोल वळून पडून राहिली. सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की अभिप्राय बंद झाले. बिबट्याला ओलांडून बाईंना मत सांगायला कुणाला वेळ नव्हता. पारंबीपूरच्या लेखकाला एवढी शांतता आजवर मिळालेली नाही.

काटे उगवू लागले. शेवंताबाई आता शहाण्या झाल्या होत्या. उगवेल त्यातला एखादा लिहायला घेत आणि बाकीचे राहू देत. बिबट्या रोज विचारी, "कुठवर आलं?" बाई म्हणत, "पुरावे तपासतेय." मग एखादं पान वाचून दाखवत. तो डोळे मिटून ऐके. कुणी कुणाला वाचवलं, रिकाम्या ढोल्यांसमोर कोण बसून राहिलं, हे आलं की तो अस्वस्थ होऊन उठे आणि थोडं फिरून येई. पण ते काढा, असं तो कधी म्हणाला नाही. त्याची हरकत एकच होती, आजोबांच्या अंगावर याहून जास्त ठिपके होते.

"आणि सुरुवातीचा तो पक्षी?" बाईंनी एकदा भीतभीत विचारलं. "त्याचं खरं होतं तसंच लिहू?"

"पक्ष्याने काय करायचं ते केलं असेल," बिबट्या म्हणाला. "आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही."

तर अशी, कोल्होबाच्या मागे राहिलेल्या वाळवीकडून, पारंबीपूरची खरी, संपूर्ण, न गाळलेली आवृत्ती निघाली. प्रती वाटताना बिबट्या शेजारी उभा होता. आबांनी मागून पुस्तक उघडलं. त्यांचे पणजोबा पुन्हा पहाऱ्यावर झोपले होते, आणि या वेळी घोरतही होते. आबांनी बिबट्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि पानावर पाच काजवे चिकटवले. पक्ष्यांनीही दिले, सशानेही दिले. कासवाने उशीर केला असं कुणी म्हणालं नाही.

शेवटी बिबट्याने नामसूचीत आजोबांचं नाव स्वतः शोधून काढलं. चांगलं अर्धं पान होतं. त्याचा ऊर भरून आला. त्याने वडाचं एक मोठं पान तोडलं, त्यावर मनापासून चार ओळी लिहिल्या आणि ते बाईंच्या पाठीवर टोचायला पंजा पुढे केला. पंजात काटा शिरला, पार आरपार. तो काढता काढता त्याच्या ध्यानात आलं की आपलं जेवण गेलं.

तात्पर्य : इतिहासात सगळ्यांच्या आजोबांची नावं घालावीत. फक्त जो आपल्याला खायला टपला आहे, त्याच्या आजोबांना तेवढं विसरावं.